राज्याचा कायदा, केंद्राची सीमा

अमेरिकेतली राज्यं स्वतःचे इमिग्रेशन कायदे का करतात, ते पास कसे होतात आणि तिथल्या आपल्या माणसांना त्यातलं नेमकं काय लागू होतं, याबद्दल आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : परदेशी माणसाला देशात घ्यायचं की नाही, हा अमेरिकेत केंद्राचा विषय आहे. मग टेक्सस, फ्लोरिडा ही राज्यं असे कायदे करतात कशी? आणि कोर्टात अडकणार हे दिसत असूनही पुन्हा पुन्हा का करतात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सुरुवात ॲरिझोनापासून करावी लागेल. २३ एप्रिल २०१० रोजी तिथल्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी एसबी १०७० या विधेयकावर सही केली. त्यातली चार कलमं कोर्टात गेली. नोंदणीचा कागद जवळ नसणं हा राज्याचा गुन्हा. परवानगी नसताना काम मागणं हाही गुन्हा. हद्दपारीला पात्र वाटणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करायची मुभा. आणि चौथं म्हणजे, पोलिसांनी कायदेशीर कारणाने थांबवलेल्या माणसाबद्दल तशी रास्त शंका आली, तर त्याचा इमिग्रेशन दर्जा तपासायचा. जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिली तीन कलमं रद्द केली. या क्षेत्रात केंद्राचा कायदा असताना राज्याला त्यावर आपली वेगळी शिक्षा बसवता येत नाही, असा त्याचा गाभा. चौथं कलम मात्र त्या वेळी राहू दिलं.

पुढच्या सगळ्या कायद्यांचा साचा या निकालात आहे. जिथे पोलीस आधीच हजर असतात, म्हणजे रस्त्यावर, तुरुंगात, लायसनच्या खिडकीशी, तिथे राज्याला हात घालता येतो. ‘बेकायदा प्रवेश’ हाच राज्याचा गुन्हा ठरवायला गेलं की गाडी अडते.

टेक्ससने २०२३ मध्ये नेमकं तेच केलं. एसबी ४ या कायद्याने मेक्सिकोतून बेकायदा येणं हा राज्याचा गुन्हा ठरवला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, न्यायाधीशाने परत जाण्याचा दिलेला आदेश मोडला तर २ ते २० वर्षं. २०१२ च्या निकालाला हा कायदा थेट भिडतो. दरम्यान सुप्रीम कोर्टातले न्यायाधीश बदलले होते, जुना निकाल त्यांच्याकडून फिरवून घेता येईल ही उघड आशा त्यामागे होती. म्हणजे कोर्टात जाणं हा अपघात नव्हता, हिशेबात धरलेला टप्पा होता.

तारखा बघितल्या की यातलं यंत्र दिसतं. टेक्ससमध्ये दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळाली तरच कायदा लगेच लागू होतो, एरवी अधिवेशन संपल्यापासून ९१ व्या दिवशी. तेवढी मतं मिळाली नाहीत. अधिवेशन ५ डिसेंबर २०२३ ला संपलं, कायदा ५ मार्च २०२४ ला लागू होणार होता. या मधल्या खिडकीत दावे दाखल झाले आणि २९ फेब्रुवारीला केंद्रीय न्यायाधीश डेव्हिड एझ्रा यांनी स्थगिती दिली. १९ मार्चला सुप्रीम कोर्टाने कायदा लागू होण्यातला अडसर काढला आणि त्याच रात्री पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या हद्दीत येतं त्या, केंद्रीय अपील कोर्टाने तो पुन्हा थांबवला. त्या काही तासांत शेरीफांना, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखांना, काय करायचं हे कळत नव्हतं. टेक्ससने पाठवलेली माणसं आम्ही घेणार नाही, असं मेक्सिकोने त्याच दिवशी जाहीर केलं. माणूस परत पाठवायचा तर पलीकडचा देश घ्यायला तयार लागतो, आणि तो करार राज्य करू शकत नाही. या कायद्याचं खरं दुखणं आमच्या मते इथे आहे.

प्रश्न : एकाच पक्षाचं बहुमत असलेल्या राज्यात असं विधेयक सहज पास होत असेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बाहेरून तसं दिसतं. आत मात्र रस्सीखेच असते, आणि ती बहुतेक वेळा रिपब्लिकन पक्षाच्या घरातलीच असते. एका बाजूला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत कट्टर मतदाराला तोंड देणारे आमदार, दुसऱ्या बाजूला शेती, बांधकाम, हॉटेलं आणि मांस प्रक्रिया उद्योगांचे मालक. हे मालक त्याच पक्षाला देणग्या देतात आणि त्यांना माणसं हवी असतात.

ॲरिझोनातच बघा. एसबी १०७० चे कर्ते रसेल पियर्स पुढे राज्य सिनेटचे अध्यक्ष झाले. मार्च २०११ मध्ये त्यांनी आणखी कडक विधेयकं आणली. तोवर राज्यावर बहिष्कार पडला होता, परिषदा रद्द होत होत्या. साठ कंपनीप्रमुखांनी सह्या करून ‘आता थांबा’ असं पत्र दिलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटने पाच विधेयकं पाडली. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी पियर्स यांना मुदतीआधीच पदावरून परत बोलावलं. त्यांच्या जागी निवडून आला तोही रिपब्लिकनच.

जॉर्जियाने २०११ मध्ये असाच कायदा केला आणि मजूर काढणीच्या हंगामातच निघून गेले. राज्याच्या कृषी खात्याच्या पाहणीत ११,०८० जागा रिकाम्या निघाल्या. गव्हर्नरांनी परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्या लोकांना काकडीच्या शेतात पाठवायचा प्रयोग केला. बरेच जण दुपारीच काम सोडून गेले. काकडी तोडणं हे वाकून, उन्हात, वेगाने करायचं काम आहे. नग मोजून पैसे मिळतात आणि तो वेग यायला काही हंगाम जावे लागतात. अलाबामाने त्याच वर्षी आणखी पुढे जाऊन शाळेत दाखल होणाऱ्या मुलांचा दर्जा तपासायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये टस्कलूसात पोलिसांनी भाड्याची गाडी थांबवली. चालकाकडे फक्त जर्मन ओळखपत्र होतं, म्हणून नव्या कायद्याप्रमाणे त्याला पकडलं. तो मर्सिडीजचा अधिकारी निघाला. ज्या कारखान्यासाठी राज्याने स्वतः गळ घातली होती, त्याच कंपनीचा माणूस. २०१३ मध्ये अलाबामाने तडजोड केली, बहुतेक वादग्रस्त कलमं कायमची थांबली आणि वादींच्या वकिलांचे ३,५०,००० डॉलर राज्याने भरले.

भांडण कधी कधी फक्त श्रेयाचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी विशेष अधिवेशन बोलावलं. त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने ते सुरू होताच गुंडाळलं, आपलं वेगळं अधिवेशन भरवलं आणि इमिग्रेशन अंमलबजावणीचा अधिकार गव्हर्नरऐवजी कृषी आयुक्तांकडे देणारं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नरांनी नकाराधिकाराची धमकी दिली. दोन आठवडे हे चाललं. शेवटी गव्हर्नर आणि तीन निवडून आलेले मंत्री मिळून एक मंडळ नेमायचं ठरलं. कडकपणावर कोणाचाच आक्षेप नव्हता, चावी कोणाच्या खिशात हा प्रश्न होता.

आणि क्वचित एखादा आमदार पक्षाविरुद्ध उभा राहतो. टेक्ससच्या २०२३ च्या विधेयकाला राज्य सिनेटमधल्या एकाच रिपब्लिकनने, ब्रायन बर्डवेल यांनी, विरोध केला. स्थलांतराबद्दल ते मवाळ नव्हते. हे काम राज्यघटनेने केंद्राला दिलं आहे, एवढाच त्यांचा मुद्दा. असं मत द्यायला धैर्य लागतं, मग आपली बाजू कुठलीही असो.

प्रश्न : बातम्यांत ‘२८७ जी’ आणि ‘डिटेनर’ हे शब्द सतत येतात. शेरीफच्या तुरुंगात नेमकं काय घडतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सगळ्यात जास्त माणसं या वाटेने अडकतात, म्हणून जरा बारकाईने.

समजा एकाला लायसनशिवाय गाडी चालवताना पकडलं. काउंटीच्या तुरुंगात नेल्यावर बोटांचे ठसे घेतात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे. जुळणी झाली तर इमिग्रेशन अंमलबजावणी करणारी केंद्राची संस्था, आयसीई, तुरुंगाला एक फॉर्म पाठवते. तोच डिटेनर. ‘या माणसाला सोडायची वेळ झाली की आणखी ४८ तास ठेवा, आम्ही नेतो,’ असं त्यात म्हटलेलं असतं. नातेवाईक दुपारी जामीन भरतात आणि बाहेर थांबतात. माणूस बाहेर येत नाही, कारण जामिनाची वेळ हीच डिटेनरच्या ४८ तासांची सुरुवात असते. जामीन भरण्याआधी ‘डिटेनर लागला आहे का’ हे तुरुंगाला आणि वकिलाला विचारायलाच हवं. नाहीतर पैसे गुंततात आणि माणूस आयसीईच्या ताब्यात जातो.

कायद्याने डिटेनर ही विनंती आहे. २०१४ मध्ये ऑरेगनमधल्या क्लॅकमस काउंटीने एका बाईला निव्वळ डिटेनरवर डांबून ठेवलं, तर केंद्रीय न्यायालयाने काउंटीला जबाबदार धरलं. त्यानंतर अनेक शेरीफांनी न्यायाधीशाची सही असल्याशिवाय ठेवणं बंद केलं. राज्यांनी मग कायद्याने ही विनंती सक्तीची करायला घेतली. टेक्ससने २०१७ मध्ये डिटेनर न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५,५०० डॉलरपर्यंत दंड आणि पदावरून दूर करण्याची तरतूद केली. यातला मोठा भाग अपिलात टिकला. टेनेसीने २०२५ मध्ये तर अशा सहकार्याविरुद्धच्या ठरावाला मत देणं हाच नगरसेवकासाठी गंभीर गुन्हा केला.

२८७ जी हे १९९६ च्या केंद्रीय कायद्यातलं कलम. त्याखाली शेरीफ केंद्राशी करार करतो आणि त्याची माणसं इमिग्रेशनची कामं करतात. सगळ्यात हलक्या प्रकाराला ८ तासांचं प्रशिक्षण पुरतं, त्यात तुरुंगातच वॉरंट बजावायचं असतं. रस्त्यावर चौकशी करू देणारा प्रकार २०१२ मध्ये बंद झाला होता, २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू केला. २०२५ च्या सुरुवातीला असे १३५ करार होते, वर्ष संपायच्या आत ते हजाराच्या पुढे गेले. शेरीफांनी करार करावेत, अशी सक्ती करणारे कायदे जॉर्जिया, फ्लोरिडा, टेक्सस या राज्यांत झाले. मथळे स्थगिती मिळालेल्या कायद्यांचे येतात, माणसं या करारांमुळे हद्दपार होतात.

चूक कशी होते तेही बघा. फ्लोरिडाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बेकायदा अमेरिकेत आलेल्या माणसाने राज्यात येणं हाच गुन्हा ठरवला, पहिल्याच वेळी किमान नऊ महिने कैद. ४ एप्रिलला केंद्रीय न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी तो थांबवला. तरी महिन्याच्या मध्यात जॉर्जियाहून कामाला निघालेल्या एका तरुणाला महामार्ग पोलिसांनी त्याच कायद्याखाली पकडलं. तो जन्माने अमेरिकन होता. आई जन्मदाखला घेऊन कोर्टात आली. न्यायाधीशांनी तो कागद हाताने चाचपला, उजेडासमोर धरला, आतला जलछाप पाहिला आणि दाखला अस्सल असल्याचं सांगितलं. पण डिटेनर लागलेला असल्यामुळे त्याला सोडायचा अधिकार आपल्याला नाही, असंही त्यांना सांगावं लागलं. तो संध्याकाळी सुटला. आईला दाखला सापडला नसता तर?

प्रश्न : कॅलिफोर्नियासारखी राज्यं सहकार्य नाकारतात, ते कोर्टात कसं टिकतं? (एक विद्यार्थी, औरंगाबाद)

उत्तर : केंद्र आपला कायदा स्वतःच्या माणसांकडून राबवू शकतं, राज्याच्या पोलिसांना तसा हुकूम देऊ शकत नाही. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात बंदूक खरेदीच्या तपासणीवरून हे ठरलं, आणि तो निकाल तेव्हा उजव्यांना आवडला होता. कॅलिफोर्नियाचा सहकार्य नाकारणारा २०१७ चा कायदा, एसबी ५४, त्याच आधारावर टिकला.

प्रश्न : मुलगी आणि जावई डॅलसजवळ असतात, दोघेही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नातू तेरा वर्षांचा आहे. या कायद्यांची त्यांना काळजी करावी का? (एक आजी, नागपूर)

उत्तर : आजी, टेक्ससचा कायदा बेकायदा प्रवेशाचा आहे. विमानतळावर शिक्का मारून आलेल्यांवर तो गुन्हा बसत नाही. पण पोलिसांनी थांबवल्यावर कागद दाखवता आले नाहीत तर काही तास किंवा रात्र वाईट जाऊ शकते. ते टाळता येतं.

केंद्राच्या जुन्या कायद्यानुसार अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा असतो. व्हिसावरच्या माणसासाठी तो पुरावा म्हणजे आय-९४, देशात कधी आलात आणि कधीपर्यंत राहता येईल याची नोंद. केंद्राच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून तो छापून घेता येतो. व्हिसाची मुदत अमेरिकेतच वाढवली असेल तर नवा आय-९४ मंजुरीच्या कागदाच्या, म्हणजे आय-७९७ च्या, खालच्या भागात असतो. बरेच जण तो फाइलमध्ये ठेवतात आणि पाकिटात जुनाच बाळगतात. जुन्यावर मुदत संपलेली दिसते आणि घोळ तिथे सुरू होतो. वाढीचा अर्ज वेळेत केला असेल तर निकाल येईपर्यंत त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येतं, त्या काळात अर्जाची पोचपावती सोबत हवी. टेक्ससमधल्या लायसनची मुदतही त्यांच्या मुक्कामाच्या मुदतीशी बांधलेली असते, ती तारीख वेगळी लिहून ठेवायला सांगा.

घर बदललं तर दहा दिवसांत पत्ताबदलाचा एआर-११ फॉर्म भरायचा. आणि नातवाबद्दल : चौदावा वाढदिवस झाल्यावर ३० दिवसांत त्याची पुन्हा नोंदणी करून ठसे द्यावे लागतात. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही.

गाडी थांबवली तर चालकाने लायसन आणि विम्याचा कागद द्यायचा. पुढच्या प्रश्नांना ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हणता येतं, खोटं मात्र एक अक्षर बोलू नये. अटक झालीच तर ‘भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा’ असं स्पष्ट मागता येतं. टेक्सससाठी तो ह्यूस्टनला आहे. आणि जावयांना एक आवर्जून सांगा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो, खटल्याचा निकाल काहीही लागो.

प्रश्न : फ्लोरिडात नवीन नोकरीत ‘ई-व्हेरिफाय’मध्ये नाव जुळलं नाही असं आलं. कंपनी काढून टाकेल का? (एक वाचक, टँपा)

उत्तर : लगेच काढता येत नाही. ई-व्हेरिफाय म्हणजे नव्या कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का, हे केंद्राच्या नोंदींशी ऑनलाइन ताडून बघणं. फ्लोरिडाने १ जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना ही तपासणी सक्तीची केली. ॲरिझोनाने ती २००७ मध्येच केली होती आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली, कारण धंद्याचा परवाना हा राज्याचा अधिकार.

‘जुळत नाही’ हा उत्तराचा पहिला टप्पा आहे. मालकाने तो तुम्हाला खाजगीत सांगून नोटीस द्यायची असते. तुम्ही दाद मागतो म्हणालात, की संबंधित केंद्रीय कार्यालयाशी संपर्क साधायला आठ सरकारी कामाचे दिवस मिळतात. त्या काळात कामावरून काढणं किंवा पगार रोखणं चालत नाही. गप्प बसलात तर मात्र ती नकारघंटा ठरते.

मराठी नावांना हा त्रास जास्त होतो, कारण मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’मध्ये जोडलेलं असतं, सोशल सिक्युरिटी कार्डावर गळतं किंवा आडनावाला चिकटतं. लग्नानंतर एकाच ठिकाणी नाव बदललं असेल तर हमखास. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात पासपोर्ट आणि आय-९४ घेऊन जा आणि आधी तिथली नोंद पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर करून घ्या.

प्रश्न : महाराष्ट्राला असा कायदा करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. नागरिकत्व, परदेशी नागरिक, देशात प्रवेश आणि हकालपट्टी हे आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतले विषय आहेत, क्रमांक १७ आणि १९. आपले पोलीस परदेशी माणसाला पकडतात ते केंद्राच्या कायद्याखाली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे. कलम २५८ प्रमाणे केंद्र आपलं काम राज्याकडे सोपवू शकतं. अमेरिकेत ज्यासाठी काउंटीगणिक करार करावे लागतात, ते इथे एका अधिसूचनेने होतं.

प्रश्न : मी कायद्याचा अभ्यास करतो. असं विधेयक वाचताना आधी काय बघावं? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : शेवटून सुरुवात करा. शेवटच्या पानांवर लागू होण्याची तारीख असते आणि एखादं कलम रद्द झालं तर बाकीची टिकवणारं कलमही. ते घालणाऱ्यांना काही भाग पडेल याचा अंदाज असतो. मग अटी शोधा. ॲरिझोनात २०२४ मध्ये गव्हर्नर केटी हॉब्स यांनी नकाराधिकार वापरल्यावर विधिमंडळाने तोच विषय सार्वमताला टाकला, कारण तिथे गव्हर्नरांची सही लागत नाही. मतदारांनी तो मोठ्या फरकाने मंजूर केला. पण प्रवेशाच्या गुन्ह्याचं कलम टेक्ससचा किंवा तसाच कायदा सलग ६० दिवस लागू राहिल्यावरच जिवंत होतं. मतदान करून आलेल्या कितीतरी लोकांना ही अट माहीत नसेल.

नंतर ‘शॅल’ आणि ‘मे’ वेगळे करा. ‘शेरीफने करावं’ आणि ‘शेरीफ करू शकतो’ यांत एका काउंटीच्या अंदाजपत्रकाचा फरक असतो. दावा कोण लावू शकतो तेही बघा. टेक्ससच्या खटल्यातून मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने अंग काढून घेतलं, तेव्हा एल पासो काउंटी आणि संस्था वादी म्हणून उरल्या नसत्या तर खटला तिथेच संपला असता. आणि विधेयकासोबत खर्चाची टिप्पणी जोडलेली असते, ती सोडू नका. टेनेसीत २०२५ मध्ये कागदपत्रं नसलेल्या मुलांना मोफत शिक्षण नाकारायचं विधेयक सिनेटमध्ये पास झालं. १९८२ च्या प्लायलर निकालाने त्या मुलांना दिलेला हक्क त्याला फिरवायचा होता. भाषणांनी ते थांबलं नाही. केंद्राकडून शाळांना येणारा निधी बुडेल ही शंका आली, आणि दुसऱ्या सभागृहात ते बाजूला ठेवलं गेलं.